चाकोरीबाहेर, पण सगळ्यांना घेऊन

पौष महिन्यातील त्या रविवारी आम्ही सारे हुरडा खायला शेतावर निघालो होतो. नाचणगावच्या वस्तीपासून आमचे शेत जेमतेम तीन किलोमीटर. त्यातील शेवटचा दीड किलोमीटर पांदणीचा. विदर्भातील वाचकांना पांदण म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगते: दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून शेतांकडे जाणारी ही बैलगाडीची जुनी वाट. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी उकरलेल्या तिच्या चाकोऱ्या हिवाळ्यात वाळून दगडासारख्या होतात. आमच्या लहान मोटारीचे पोट तिथे टेकते, म्हणून यजमानांनी एका परिचितांची उंच, दणकट गाडी मागून आणली होती. सासूबाई नातवंडांना घेऊन तिच्या मागच्या आडव्या बाकावर हौसेने बसल्या. एका चाकोरीतून दुसरीत उतरताना गाडीने हिसका दिला. मुले खिदळली. सासूबाई मात्र एकदम गप्प झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. क्ष-किरण तपासणीत कमरेचा एक मणका दबलेला दिसला. हाडे ठिसूळ झाली होती, हे आम्हाला तेव्हा कळले. तीन महिने विश्रांती, पट्टा, औषधे. वैशाखात त्या पुन्हा अंगणात फिरू लागल्या, पण घरात कुठे जाण्याचा विषय निघाला की त्यांचे एकच वाक्य ठरलेले असे, "तुम्ही जाऊन या, मी घरीच बरी."

नेमक्या त्याच काळात घरात नव्या गाडीची चर्चा सुरू होती. धाकट्या चिरंजीवांच्या खोलीत एका फोर बाय फोर गाडीचे चित्र लागले होते. शनिवार-रविवारी घराबाहेर पडावे, डोंगर, जंगल, नदी पाहावी, मुलांनी पडद्यावरून डोळे काढावेत, ही इच्छा आम्हा दोघांचीही होती. प्रश्न एवढाच होता की आपल्या ऐपतीत बसणारी, आडवाटेला चालणारी गाडी कोणती? हा प्रश्न बरेच दिवस आम्ही चुकीच्या टोकाकडून सोडवत होतो. आम्ही गाडी पाहत होतो. गाडीत बसणारी माणसे पाहत नव्हतो.

आधी वर्षाचा हिशेब

पहिले काम म्हणून एका वहीत गेल्या वर्षभरात आपण खरोखर कुठे कुठे गेलो, ते लिहून काढले. पवनारला धाम नदीच्या काठी दोनदा. गिरडच्या टेकडीवर एकदा. रुक्मिणीचे माहेर मानल्या जाणाऱ्या कौंडण्यपूरला एकदा. बोरच्या जंगलात एकदा. मेळघाटात, चिखलदऱ्याला उन्हाळ्यात एकदा. आणि स्वतःच्या शेतावर किमान पंधरा वेळा.

यादी पूर्ण झाल्यावर जरा हसूच आले. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १,११८ मीटर उंचीवर असले तरी तिथवर डांबरी घाटरस्ता आहे. बोर हा २०१४ मध्ये घोषित झालेला व्याघ्र प्रकल्प, देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. तिथे प्रवेशद्वारापर्यंत पक्का रस्ता आणि आत ठरलेल्या मार्गानेच, वनविभागाच्या नियमांनुसार फिरायचे. जंगलात वाट सोडून गाडी घालण्याला साहस म्हणत नाहीत, गुन्हा म्हणतात. म्हणजे आमच्या वर्षभराच्या भटकंतीत खऱ्या अर्थाने आडवाट एकच होती: घरामागची पांदण.

वाचकहो, गाडीच्या दालनात पाय ठेवण्यापूर्वी ही यादी प्रत्येक कुटुंबाने करावी, असे मी आग्रहाने सांगेन. लडाखच्या खिंडी, राजस्थानची वाळू, दुथडी वाहणारी नदी ही सारी दृश्ये जाहिरातीतील असतात. आपल्या यादीत ती किती वेळा येतात, त्यावर किती पैसे खर्चावेत हे ठरते.

काळ्या मातीचा स्वभाव

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारही चाकांना पोहोचवणारी गाडी. साध्या गाडीत ती दोनच चाकांना मिळते. त्यातले एक चाक घसरू लागले की ताकद त्याच मोकळ्या फिरणाऱ्या चाकाकडे वाया जाते आणि गाडी जागीच रुतते. चारही चाके ओढू लागली की ही अडचण पुष्कळ कमी होते. सोबत 'लो रेंज' गिअर असेल, तर तीव्र चढावर गाडी मुंगीच्या पावलाने, पण पूर्ण जोराने चढते. उतारावर ब्रेक न जाळता हळूहळू उतरते. सह्याद्रीतील दगडी चढ, कोरड्या नद्यांची पात्रे, सैल वाळू इथे तिचा उपयोग निर्विवाद आहे.

आपल्या वऱ्हाडातील काळ्या कापसाच्या जमिनीचा स्वभाव मात्र निराळा आहे. या मातीतील चिकण कण पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसून जमिनीला हातभर खोल भेगा पाडतात. श्रावणात ही माती टायरच्या खाचांत भरते, चिकटून बसते आणि काही क्षणांत टायर गुळगुळीत गोळा होतो. चारही चाके फिरत असली, तरी गुळगुळीत टायरची चार चाके चारही दिशांना घसरतात. तिथे चाकांच्या संख्येपेक्षा टायरच्या खाचा अधिक महत्त्वाच्या. आणि खरे सांगायचे तर भर पावसात पांदणीवर ट्रॅक्टरच जावा. ओल्या पांदणीत मोटार घातली की आपली गाडी तर अडकतेच. शिवाय वाटेचीही दैना होते आणि शेजाऱ्याची बैलगाडी आठवडाभर अडते.

उरलेले आठ महिने वाट कोरडी असते. तेव्हा लागते ती पोटाखालची उंची. दोन चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा गाडीच्या पोटाला लागू नये, एवढीच पांदणीची मागणी. त्यासाठी २०० मिलिमीटरच्या आसपास मोकळी उंची आणि दणकट बाजूंचे टायर पुरेसे होतात. आमच्या यादीपुरते उत्तर इथे स्पष्ट झाले: उंची हवी, टायर हवेत, चारही चाकांची ओढ असली तर उत्तम, नसली तरी चालेल.

कोण कुठे बसणार?

खरी परीक्षा यानंतरची. आमच्या घरी माणसे पाच: आम्ही दोघे, दोन मुले आणि सासूबाई.

आडवाटेच्या गाड्यांशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि 'जीप' हा शब्द मराठीत कायमचा रुळला. आजची थार नाशिकला तयार होते. तिचा दुसरा अवतार २ ऑक्टोबर २०२० रोजी आला. जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आणि डोंगरात दमदार. मारुतीची पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये १२ लाख ७४ हजार रुपयांच्या आरंभीच्या किमतीला आली. वजनाने हलकी, उंची २१० मिलिमीटर आणि फोर बाय फोर तिच्या प्रत्येक प्रकारात. दोन्ही गाड्या चिरंजीवांना तोंडपाठ होत्या. त्यांच्या लक्षात एकच गोष्ट आली नव्हती: दोन्ही चार आसनांच्या आहेत. शिवाय थारला माणसांसाठी दोनच दारे. मागे बसायचे तर पुढचे आसन दुमडून, वाकून आत शिरावे लागते. तरुणांना त्यात मौज वाटेल. दबलेल्या मणक्याच्या आजीला ते अशक्य आहे.

"मग आजी?" मी विचारले. चिरंजीव काही बोलले नाहीत. त्या रात्री भिंतीवरचे चित्र त्यांनी आपण होऊन काढले नाही. पण त्यावर पुन्हा वादही घातला नाही.

आसनांच्या बाबतीत आरोग्याच्या दृष्टीने चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, आसनाची जागा. गाडी उसळते तेव्हा सर्वांत कमी हिसका पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध बसणाऱ्याला लागतो. सर्वांत जास्त मागच्या चाकांवर बसणाऱ्याला. वृद्ध, गर्भवती आणि कंबरदुखी असणाऱ्यांनी मागच्या टोकाला कधीही बसू नये. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धांचा मणका एका जोरदार उसळीने दबल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत. आमच्या घरातील उदाहरण त्यांपैकीच एक.

दुसरी, आसनाची दिशा. आडव्या बाकावर बसलेल्याचे शरीर ब्रेक लागताच बाजूला फेकले जाते. मान आणि कंबर पिळवटतात. काही सात आसनी गाड्यांत मागे असे बाक असतात. तिथे सामान ठेवावे, माणूस नाही.

तिसरी, पट्टे. प्रत्येक माणसाला खांद्यावरून जाणारा स्वतंत्र पट्टा हवा. १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बालआसनात सुरक्षित न बसवल्यास मोटार वाहन कायद्यानुसार १,००० रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने बांधण्याची ही वस्तू नव्हे. 'पांदणीवर कसला अपघात?' असे आपल्याला वाटते. गाडी अशा वाटांवरही कलंडते, आणि उंच गाडी लवकर कलंडते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांच्या धडकचाचणीची देशी पद्धत सुरू झाली आहे. तिचे तारे पाहताना प्रौढांचे आणि मुलांचे असे दोन्ही पाहावेत.

चौथी, चढ-उतार. पायरी किती उंच आहे, हाताला धरायला दांडी आहे का, दार पुरते उघडते का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत चढताना दुसऱ्याच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला, की दोन-तीन खेपांनंतर तो यायचेच टाळतो. तो कारण सांगत नाही. "मी घरीच बरा" एवढेच म्हणतो.

हिसका आणि वेग

बसलेल्या माणसाच्या कण्याला सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणारी खालवर हालचाल सर्वाधिक जाचक असते, कारण त्या गतीला शरीर स्वतःच अधिक हलू लागते. खडबडीत वाटेवरील गाडीचा थरथराट बहुधा याच पट्ट्यात येतो. कमानपाट्यांच्या जुन्या गाड्या रिकाम्या असताना अधिक आदळतात. गुंडाळीच्या स्प्रिंगा तुलनेने मऊ बसतात. पण कोणत्याही स्प्रिंगेपेक्षा मोठा उपाय चालकाच्या पायात आहे. वेग ३० वरून १५ वर आणला, की गाडीच्या अंगातील गतीची ऊर्जा निम्मी नव्हे, एक चतुर्थांश उरते. त्या रविवारी आम्ही बेतशीर वेगाने गेलो असतो, तर कदाचित ती गाडीही निर्दोष ठरली असती. हे मान्य करायला आम्हाला बरेच दिवस लागले.

दुसरा स्वस्त उपाय हवेचा. खडबडीत वाटेवर टायरमधील हवा साधारण एक चतुर्थांशाने कमी केली, की टायरच लहान धक्के पिऊन घेतो. मात्र पक्क्या रस्त्याला लागण्यापूर्वी ती पुन्हा भरलीच पाहिजे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. कमी हवेचे टायर घेऊन तिथे वेगाने धावणे म्हणजे टायर तापून फुटण्याला आमंत्रण. गाडीच्या वीजखाचेवर चालणारा हवा भरण्याचा लहान पंप आणि हवामापक या दोन वस्तू सजावटीच्या दिव्यांपेक्षा कितीतरी मोलाच्या.

स्वस्त म्हणजे काय?

आता पैशांकडे येऊ. ऑगस्ट २०२४ मध्ये पाच दारांची, पाच आसनांची थार रॉक्स आली, तेव्हा तिची आरंभीची किंमत १२ लाख ९९ हजार होती. तिच्याच फोर बाय फोर प्रकारांची सुरुवात १८ लाख ७९ हजारांपासून. या फरकात इतर सोयीही होत्या, पण घरखर्चाच्या वहीत फरक हा फरकच. समजा, चार चाकांच्या ओढीसाठी आपण पाच लाख रुपये अधिक कर्ज घेतले. वार्षिक ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी त्याचा हप्ता महिन्याला सुमारे १०,४०० रुपये पडतो. एकूण परतफेड ६ लाख २३ हजारांच्या घरात. वर्षातून एकदा चारही चाके लागणार असतील, तर त्या दिवसापुरती अनुभवी चालकासह गाडी भाड्याने घेणे शहाणपणाचे.

जुनी गाडी घेण्यातही कमीपणा नाही. फक्त परीक्षा कसून करावी. १९८५ ते २०१८ या काळातील मारुती जिप्सी आजही अनेकांना भुरळ घालते. जंगलसफारीने तिला घराघरांत पोहोचवले. पण तिच्यात अपघातात फुगणाऱ्या हवेच्या उशा नाहीत आणि स्प्रिंगा कमानपाट्यांच्या. एकट्या छंदी माणसाला ती शोभेल. आजी आणि नातवंडांच्या कुटुंबाला नाही.

जुनी गाडी पाहताना खाली वाकून सांगाड्यावरील गंज पाहावा. पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. त्याच्या आतल्या टोकाला गाळाचे डाग असतील, तर गाडी कधीतरी पाण्यात बुडालेली असते. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो: २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. खाचा चांगल्या दिसल्या, तरी सहा-सात वर्षांचे रबर आपल्या उन्हाळ्यात भरवशाचे नसते. नोंदणीपत्रावर आसनसंख्या किती लिहिली आहे आणि बँकेचा बोजा आहे का, हे वाचूनच बयाणा द्यावा. पुढे लावलेले लोखंडी संरक्षक गज आधी काढायला लावावेत: ते नियमबाह्य आहेत, पादचाऱ्याला घातक आहेत आणि हवेच्या उशा वेळेवर उघडण्यात बाधा आणू शकतात.

न करण्याचे साहस

गाडी कोणतीही असो, वाहत्या पाण्यात घालू नये. तीस सेंटिमीटर वाहते पाणी लहान मोटार ढकलू शकते. साठ सेंटिमीटर पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. उंच गाडी घेतल्यावर हाच मोह वाढतो. आमच्याकडे पावसाळ्यात नाले तासाभरात चढतात आणि वर मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून पाणी सोडले की वर्धा नदीचे पात्र पाहता पाहता बदलते. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलातील लाहौलमध्ये वाहतूककोंडी टाळण्यासाठी एका पर्यटकाने चंद्रा नदीच्या पात्रातून गाडी नेली. पोलिसांनी त्याच्यावर कारवाई केली. त्याचे नशीब की प्रकरण दंडावर भागले.

निघण्यापूर्वी वाटेवरील जवळचे रुग्णालय कोणते, हेही ठरवून ठेवावे. आमच्या जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी इथे मोठी रुग्णालये आहेत, हे आमचे भाग्य. १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा. मे महिन्यात भरपूर पाणी आणि जलसंजीवनीची पाकिटे सोबत असावीत. बंद गाडीत मूल किंवा वृद्ध क्षणभरही ठेवू नये.

चाचणी आजींची

शेवटी आम्ही निवडलेल्या तीन गाड्यांची चाचणी घ्यायला सासूबाईंनाच सोबत नेले. त्या तयार नव्हत्या. "मला काय कळते गाडीतले?" म्हणाल्या. आधी डॉक्टरांची संमती घेतली होती. पहिल्या गाडीची पायरी त्यांना चढवली नाही. दुसरीत त्या सहज बसल्या, पण पाठ टेकेना. तिसरीत दार धरून, आधी बसून मग पाय आत घेऊन, त्या कुणाच्याही हाताशिवाय बसल्या आणि म्हणाल्या, "चालव."

ती गाडी पाच दारांची, पाच आसनांची, उंच पोटाची, दोन चाकांच्या ओढीची आणि चार वर्षे वापरलेली आहे. तिचे नाव इथे मुद्दाम सांगत नाही. कारण तुमच्या घरातील माणसे निराळी, तुमची वाट निराळी. वाचलेल्या पैशांतून चांगले टायर, पंप आणि धाकट्यासाठी बालआसन घेतले. सासूबाईंच्या हाडांची घनता मोजण्याची तपासणीही त्यातूनच झाली. खरे तर ती कित्येक वर्षे आधीच व्हायला हवी होती.

पुढच्या पौषात आम्ही पुन्हा हुरड्याला गेलो. सासूबाई पुढच्या आसनावर, कमरेमागे लहान उशी, पट्टा बांधलेला. पांदण लागताच यजमानांनी गाडी थांबवून टायरमधील हवा कमी केली. मागून चिरंजीवांनी वेगाचा काटा पाहण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली होती; काटा पंधराच्या पुढे सरकला की ते "बाबा!" म्हणून ओरडत. शेजारच्या शेतातील बैलगाडी आम्हाला मागे टाकून पुढे गेली. सासूबाईंनी गाडीवानाला हात केला आणि आम्हाला म्हणाल्या, "जाऊ दे त्याला. आपल्याला कुठे घाई आहे?"